पाच मात्रा, आठ मात्रा

एकलहरे, नाशिक

ती. आत्यास,


तुझं पत्र पोचलं. मी वर्गासाठी मॅशअप करायला शिकते आहे हे ऐकून तू विचारलंस, दोन गाणी एकमेकांत कालवायची म्हणजे दोन्हींचा अपमान नाही का? प्रश्न मनाला लागला, म्हणून फोन न करता लिहायला बसले.

नाटकाच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून आधीच्या एखाद्या गाण्याचं नाव छापलेलं असे, हे मला तूच दाखवलं होतंस. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० चं. पुढे १९१६ मध्ये 'स्वयंवर'च्या वेळी भास्करबुवा बखल्यांनी बंदिशींवर पदं बसवली. जुनं गाणं कानात असताना त्याच्यावरून नवं ऐकायचं, हा आनंद आपल्या माणसांनी तेव्हाच घेतला होता. आता संगणकावर दोन्ही गाणी खरोखर एका वेळी वाजवता येतात, एवढाच फरक.

मी ऑडॅसिटी नावाचं आवाज जुळवायचं सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट मिळतं आणि शाळेतल्या जुन्या संगणकावरही चालतं. प्रत्येक आवाजाची एक लाट पडद्यावर दिसते, एकीखाली एक. कापा, सरकवा, वर-खाली करा. बटणं कुठे आहेत ते लवकर कळतं. कुठलं गाणं कुठल्या गाण्याशी जुळेल, हे मात्र ते सांगत नाही. तिथे हातावर टाळी देऊन मात्राच मोजाव्या लागतात, आणि माझा वर्ग खरा तिथेच सुरू होतो.

सातवीच्या वर्गात वीजनिर्मिती शिकवत होते. इथल्या पोरांना औष्णिक केंद्राच्या चिमण्या जन्मापासून दिसतात, कित्येकांच्या घरचं कोणी ना कोणी तिथे कामाला आहे. पण कोळसा, वाफ, टर्बाइन, जनित्र हा क्रम विचारला की अडखळतात. म्हणून तो क्रम त्यांनीच श्लोकांत बांधला, वृत्त भुजंगप्रयात. लघु-गुरु-गुरु, म्हणजे पाच मात्रांचे चार गट, ओळीला २०. मनाच्या श्लोकांचंच वृत्त असल्यामुळे समर्थांची ओळ आणि मुलांची ओळ एकमेकींवर चपखल बसतात.

त्याखाली एका मुलानं हलगीवर धरलेला ठेका घातला, आठ मात्रांचा. आणि सगळं विस्कटलं! पाचाच्या गटांचं आठाशी जमेना. मी काही बोलले नाही. पोरं बोटं मोजत बसली, आणि मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, दुसरी ओळ संपली की सम येते." बरोबरच होतं तिचं. दोन ओळींच्या ४० मात्रा, ठेक्याची पाच आवर्तनं. लसावि मी फळ्यावर किती वर्षं शिकवते आहे, पण तो कानाला ऐकू येताना मी पहिल्यांदा पाहिला. (चालीत म्हणताना अक्षरं लांबतात हे तू म्हणशीलच. आम्ही मुद्दाम मात्रा मोजून म्हटलं.)

लयीचंही तसंच. एक ध्वनिमुद्रण मिनिटाला ८० ठोक्यांचं, दुसरं १०० चं. 'चेंज टेम्पो'मध्ये पट्टी न बदलता लय बदलते, आणि ती आम्ही टक्क्यांत सांगतो. ८० चे १०० करायला २५ टक्के वाढ आणि १०० चे ८० करायला २० टक्के घट. जायचे २५ आणि यायचे २० कसे, यावर वर्गात जी भांडणं झाली ती तू ऐकायला हवी होतीस.

आमच्या ध्वनिमुद्रणात मागे एक बारीक गुणगुण येते. ती तारांमधल्या विजेची, मुळात ५० हर्ट्झची. पेटीवर शोधलीस तर तोच सूर वरच्या सप्तकात पांढरी पाचच्या जवळ सापडेल. केंद्रातल्या २१० मेगावॉटच्या संचाचं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. हा भागाकार मुलांनी केला तेव्हा वर्ग क्षणभर गप्प झाला. ज्यांचे वडील त्या संचावर पाळी करतात, त्यांना तो आकडा आपल्या घरचाच वाटला.

सिनेमाची गाणी मी सध्या बाजूला ठेवली आहेत. वर्गात शिकवण्यापुरती १९५७ च्या कायद्यात मोकळीक आहे, पण ते मिश्रण बाहेर सगळ्यांना पाठवायची नाही, आणि मुलांना आपलं काम घरी ऐकवायचं असतं. शिवाय दुसऱ्याच्या तयार गाण्यात वाद्यं आणि गळा एकत्र असतात, ते आमच्या जुन्या संगणकावर सुटे करणं कठीण.

म्हणून तुझा आवाज हवा आहे. मनाच्या श्लोकांतले पहिले चार, तुझ्याच काळी चारमध्ये, पेटी न घेता. पंखा बंद कर. आरंभी चार-पाच सेकंद काहीही बोलू नकोस, त्या शांत तुकड्यावरूनच ती गुणगुण ओळखून काढता येते. मग एकसारख्या आठ टाळ्या दे आणि सुरू कर. फोनवरून पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, म्हणजे आवाज दबत नाही. पट्टीची काळजी करू नकोस. दोनतीन पट्ट्या ओढलं की गळा चिरका होतो, आणि तुझा गळा मी ओढणार नाही. मुलांना काळी चारमध्ये गायला लावते आहे, आजपासून सराव सुरू.

तुझी भाची