साहेबांचा शेरा

प्रिय विनू,

तू पाठवलेले, निवडणुकीला उभ्या असलेल्या त्या उमेदवाराचे कागद सगळे वाचले. नौदलातले त्याचे गोपनीय अहवाल, आणि प्रत्येक वरिष्ठाचा शेरा आधीच्यापेक्षा चढा. खाली तू लिहिलंयस, 'ताई, माणूस कसा आहे ते यातच कळतं, आणखी काय बघायचं?' अरे, हे आण्णांच्या मुलानं लिहावं?

बेळगावच्या लष्करी क्वार्टरमध्ये आण्णा हाताखालच्या अधिकाऱ्यांचे एसीआर, म्हणजे असेच गोपनीय अहवाल, लिहायला बसले की आपल्याला रेडिओसुद्धा लावता यायचा नाही, आठवतं? आधी पेन्सिलीनं कच्चं, मग शाईनं पक्कं. आई चहा घेऊन आली की कागद पालथे. एका कॅप्टनच्या 'पेन पिक्चर'च्या चार ओळींपायी त्यांनी मध्यरात्र केली होती. सात दिले तर पोराचं प्रमोशन अडेल आणि नऊ दिले तर खोटं होईल, असं काहीतरी ते आईला सांगत होते. शेवटी किती दिले ते आपल्याला कधीच कळलं नाही. पण तो आकडा जितका त्या कॅप्टनचा, तितकाच त्या रात्रीच्या आण्णांचाही होता, हे मला तेव्हाच कळलं. आणि सगळेच साहेब दयाळू निघाले की उत्तम या शेऱ्याला किंमत उरत नाही. अमेरिकेच्या नौदलालाही १९९६ साली नवी पद्धत आणून, सर्वांत वरची शिफारस किती जणांना द्यायची याला मर्यादा घालावी लागली. का, ते तूच विचार कर.

२००४ ची अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक तर तू तिथं राहून पाहिलीस. जॉन केरीसाठी किती जीव टाकायचास! त्याच्या प्रचारकांनी एप्रिलमध्ये त्याचे व्हिएतनामचे अहवाल खुले केले, तेव्हा तू मला फोनवर वाचून दाखवले होतेस. त्याचा तिथला वरिष्ठ जॉर्ज एलियट यानं १९६९ साली लिहिलं होतं की, स्वतःच्या हिमतीवर झटपट निर्णय घ्यायची वेळ येते अशा लढाईत या अधिकाऱ्याच्या तोडीचा कोणी नाही. १९९६ साली केरीची सिनेटची निवडणूक अटीतटीची झाली, तेव्हा हाच एलियट बोस्टनला जाऊन त्याच्या बाजूनं बोलला. आणि २००४ च्या ऑगस्टमध्ये केरीविरोधी माजी सैनिकांच्या एका गटाच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत हाच माणूस सांगत होता की केरी व्हिएतनामबद्दल खरं बोललेला नाही. पस्तीस वर्षांपूर्वीची ती लढाई काही बदलली नव्हती ना? मग बदललं कोण? त्या गटातल्या पुष्कळांच्या मनात खरा राग १९७१ चा होता. केरीनं सिनेटच्या समितीपुढे बसून युद्धाविरुद्ध साक्ष दिली, त्याचा. सत्तावीस वर्षांचा पोरगा, छातीवर सिल्व्हर स्टार, आणि तो आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेतोय. ते बरोबर होतं की चूक, यावर तुझं-माझं अजूनही जमणार नाही. पण त्याचं काळीज मला त्या दिवशी दिसतं, आणि त्या दिवसासाठी कुठल्याही अहवालात रकाना नव्हता.

मला तेव्हा पटली होती ती त्याच्या बोटीवरच्या खलाशांची साक्ष. त्याचा हुकूम चुकला असता तर मरणार तेच होते. त्यातला एक जण सोडला तर जवळपास सगळे त्याच्या पाठीशी उभे राहिले. जिम रासमन नावाचा ग्रीन बेरे, ज्याला केरीनं १९६९ च्या मार्चमध्ये गोळीबार चालू असताना नदीतून वर ओढलं, तो रिपब्लिकन असूनही २००४ च्या जानेवारीत आयोवाला येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. साहेब पालटला, हाताखालचे पालटले नाहीत.

आणि ड्यूक कनिंगहॅम? व्हिएतनामच्या आकाशात पाच मिग पाडणारा, नेव्ही क्रॉस मिळवणारा वैमानिक. त्याचं शौर्य शंभर टक्के खरं होतं, त्यावर कोणी बोट ठेवू नये. तोच पुढे कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर गेला आणि संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांकडून चोवीस लाख डॉलरच्या आसपास लाच खाल्ल्याचं २००५ साली त्यानं कोर्टात कबूल केलं. काँग्रेसची मुद्रा असलेल्या कागदावर त्यानं दर लिहून ठेवले होते. एका बाजूला कंत्राट केवढं, दुसऱ्या बाजूला त्याचे पैसे किती. विनू, विमानात होता तो माणूस कुठं गेला? मला वाटतं, कुठंच गेला नाही. तिथं लाच द्यायला कोणी आलं नव्हतं, एवढंच.

अहवाल खोटे असतात असं मी म्हणत नाहीये. गोळ्या सुटत असताना डोकं थंड ठेवणं, दिलेलं काम पुरं करणं, ही काही किरकोळ गोष्ट नाही. तुझ्या उमेदवारात ते असेल, आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण ते कागद एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायला लिहिलेले असतात, याला पुढची रँक द्यावी की नाही. वर साहेब असताना माणूस कसा वागतो ते त्यात येतं. निवडून आल्यावर वर कोण असणार? तेव्हा तोच दुसऱ्यांवर शेरे मारणार.

आता लिहिते ते तुला लागेल. आण्णांना मिळालेले शेरे कायम उत्तम होते, आपल्याला अभिमानही होता. तू एनडीएचा फॉर्म भरला नाहीस, तर त्याच माणसानं तुझ्या बारावीचं अख्खं वर्ष तुझ्याशी बोलणं टाकलं. एकाच टेबलावर जेवायचात, आणि मीठ हवं असलं तरी ते आईला सांगायचे. तू अमेरिकेला गेलास, त्यात तो अबोला किती होता हे मी तुला कधी विचारलं नाही, आणि आजही विचारत नाही. पण गेल्या महिन्यात त्यांचे जुने सहायक पाटीलकाका गडहिंग्लजहून आले होते. म्हणाले, 'साहेब तापट, पण त्यांची चूक निघाली की सगळ्या कंपनीसमोर सॉरी म्हणायचे.' आपल्या आण्णांच्या तोंडून हा शब्द तू ऐकलास कधी? मी नाही ऐकला. रात्रभर झोप लागली नाही मला. राग आला, आणि का कोण जाणे, फार बरंही वाटलं.

पाटीलकाकांच्या मुक्कामात मी त्यांना किती प्रश्न विचारले असतील! तूही तसं कर. त्या उमेदवाराच्या जहाजावर हलक्या हुद्द्यावर राबलेलं कोणी सापडतंय का बघ. त्यांची जमलेली सभा नको, प्रचाराच्या व्यासपीठावरचे पाहुणेही नकोत. एकटा गाठ आणि विचार, की याच्या चुकीचं खापर कधी तुझ्या डोक्यावर फुटलं का? रजा मागायला याच्याकडे जायची भीती वाटायची का? मग कर मतदान, ज्याला करायचं त्याला.

आणि तो काय म्हणाला ते मला फोनवर सांग. पाटीलकाकांचा नंबरही तुला देते. ते तुझी आठवण काढत होते. धाकटे साहेब म्हणतात तुला अजून.

तुझी,
ताई