ठिणगी आणि फुंकर

साहसकथेत मुलं वाघाची वाट बघत असतात, असं आपण मोठी माणसं धरून चालतो. म्हणून लिहिणारा पानोपानी संकटं पेरत जातो. मी वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवतो, स्वतःही लिहितो. माझा अनुभव असा की मुलं संकटापेक्षा कामात जास्त रंगतात. हात कसे चालतात, काय फसतं, मग दुसरं काय करून बघायचं. गॅरी पॉलसन यांच्या ‘हॅचेट’ची (१९८७) सगळी ताकद मला यातच दिसते.

कॅनडाच्या उत्तरेकडचं अरण्य. छोट्या विमानात तेरा वर्षांचा ब्रायन आणि पायलट, दोघंच. पायलटला हृदयविकाराचा झटका येतो, विमान तळ्यात कोसळतं. ब्रायनजवळ उरते आईने निघताना दिलेली, कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली छोटी कुऱ्हाड.

रात्री त्याच्या गुहेत साळिंदर शिरतं. तो अंधारातच कुऱ्हाड भिरकावतो, ती खडकावर आदळते आणि ठिणग्या उडतात. पायात काटे घुसतात, त्या वेदनेत ठिणग्यांचा अर्थ त्याच्या ध्यानातच येत नाही. पुढे येतो, तरी आग काही पेटत नाही. वाळकं गवत घेतो, ठिणगी विझते. काटक्या घेतो, तेच. खिशातल्या वीस डॉलरच्या नोटेचे कपटे करतो, तेही वाया. मग भूर्जाच्या सालीचे केसासारखे बारीक तंतू सोलत बसतो, त्यांचा गोळा करतो. ठिणग्या आता धरतात, लाल होतात आणि पुन्हा विझतात. कमी पडतेय ती हवा.

हा भाग वाचताना मी अजिबात घाई करत नाही. नोटेपाशी तर थांबतोच. पैसा म्हणजे जंगलात नुसता कागद, हे मुलांना सांगावं लागत नाही. चूल फुंकणाऱ्या आजीच्या अंगवळणी पडलेली गोष्ट ब्रायनला शाळेतलं विज्ञान आठवून शोधावी लागते. गॅसच्या शेगडीसमोर वाढलेली मुलंही इथे पुढे सरकतात आणि एखादं ओरडतंच, “काका, त्याला सांगा ना फुंकर मारायला!” त्या क्षणी ते मूल ब्रायनच्या शेजारी बसलेलं असतं. लेखकाला याहून जास्त काय हवं?

असं लिहायचं तर आधी करून बघावं लागतं. पॉलसन मिनेसोटाचे, जंगलात शिकार करत वाढलेले. अलास्कातली इडिटारॉड ही कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत धावलेले. ठिणग्यांनी आग पेटवणं त्यांनी स्वतः करून पाहिलं. ब्रायन खातो ती कासवाची कच्ची अंडीही खाऊन पाहिली; ते मात्र त्यांना जमलं नाही. तरीही ब्रायनला त्यांनी ती खाऊ दिली, आणि मला ते पटतं. त्या मुलाची भूक लेखकाच्या भुकेपेक्षा मोठी होती.

या पुस्तकातली मला सर्वांत धीट वाटणारी जागा शेवटाकडे आहे. बुडालेल्या विमानातून आपत्कालीन सामानाची पिशवी हाती लागते. तिच्यात खाणं आहे, लायटर आहे, रायफल आहे. आता जल्लोष होणार असं वाटतं, पण ब्रायन अस्वस्थ होतो. रायफल हातात घेताच भोवतालच्या रानापासून आपण तुटलो, असं त्याला जाणवतं. आयती आगही त्याला नकोशी वाटते. हे इतक्या लहान वाचकांना सांगायला लेखकाचा त्यांच्यावर विश्वास हवा.

तो विश्वास वाचकांनी राखला. चोपन्न दिवसांनी ब्रायनची सुटका होते, पण मुलांनी पॉलसनना पत्रं लिहून विचारलं: हिवाळ्याआधीच सुटला, मग थंडीत त्याचं काय झालं असतं? सरपणाचा, भुकेचा हिशोब करायला शिकलेला वाचकच असं विचारतो. पॉलसन यांनी उत्तर म्हणून १९९६ मध्ये आणखी एक पुस्तक लिहिलं, ‘ब्रायन्स विंटर’. त्यात सुटका झालेलीच नाही असं धरलंय. ब्रायनला बर्फावर चालायचे जोडे हवेत, आणि ते त्यालाच बनवायचे आहेत.