हजेरीपटावर नसलेला मजूर

रोजगार हमी योजनेच्या (रोहयोच्या) परिणामांचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती सर्वप्रथम येतो तो मनुष्यदिवसांचा आकडा, म्हणजे एका मजुराचे एका दिवसाचे काम हे एकक धरून हजेरीपटावरून काढलेली बेरीज. परंतु हा आकडा कितीही काटेकोर असला तरी तो काम मिळालेल्यांचा असतो, काम मागून परत गेलेल्यांचा नसतो.

महाराष्ट्रात या फरकाचे महत्त्व 1988 नंतर ठळकपणे पुढे आले. 1972 च्या दुष्काळात विस्तारलेल्या आणि 1977 च्या कायद्याने हक्काचे रूप मिळालेल्या रोहयोची मजुरी आधी कमीच होती, आणि कमी मजुरीवर उन्हात खडी फोडायला किंवा पाझर तलावाची माती वाहायला खऱ्या गरजूखेरीज कोणी येणार नाही, असा युक्तिवाद तिच्या समर्थनार्थ केला जाई. अभ्यासक याला स्वयंनिवड म्हणतात. 1988 मध्ये किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले, त्याबरोबर रोहयोची मजुरीही वाढली, आणि त्यानंतर कामांवरची उपस्थिती मात्र घटली. केवळ हजेरी पाहणाऱ्याला यातून लोकांची गरज ओसरली असा निष्कर्ष काढता आला असता. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळेच दाखवले: मजुरी वाढल्यावर मागेल त्याला काम देणे थांबून कामाची वाटणी हात राखून होऊ लागली होती आणि त्यामुळे हमीलाच धक्का बसला होता. मजुरी वाढवणे चूक होते, असा अर्थ यातून काढणे अन्यायाचे ठरेल. वाढीव मजुरीइतकी कामे उघडली गेली नाहीत, हा दोष वेगळा आणि अधिक गंभीर आहे.

ज्याला काम मिळाले त्याचा लाभही हाती पडलेल्या मजुरीएवढा नसतो, कारण त्या दिवशी तो दुसऱ्याच्या शेतावर गेला असता किंवा स्वतःच्या रानात राबला असता, तर जे मिळाले असते ते वजा करावे लागते. अकोला आणि सोलापूर जिल्ह्यांतील दोन गावांत कुटुंबांच्या वेळेच्या नोंदींवरून दत्त आणि रॅव्हॅलियन यांनी ही वजाबाकी केली, तेव्हा बुडालेली कमाई मजुरीच्या साधारण पाव हिश्शाएवढी निघाली. हा पुरावा मोलाचा आहे. तरीही दोन कोरडवाहू गावांचे प्रमाण कोकणाला किंवा उसाच्या पट्ट्याला जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे.

परत गेलेल्या मजुराचा शोध मात्र कामाच्या जागेवर लागत नाही. 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने काम मागणाऱ्याला तारखेची पोच देणे बंधनकारक केले, कारण 15 दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्त्याचा हक्क त्याच पोचेवर उभा राहतो. जिथे पोच दिली जात नाही, तिथे न भागलेली मागणी दप्तरातून नाहीशी होते आणि अभ्यासकाला घरोघरच्या पाहणीकडे वळावे लागते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2009-10 च्या फेरीत काम हवे असलेल्या ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे 44 टक्के कुटुंबांना ते मिळालेले नव्हते, आणि ही तूट अधिक गरीब राज्यांत अधिक होती.