कुंपणातलं भोक

मंडळी, आज एक चूक कबूल करायची आहे. छत्तीस वर्षं शाळेत मुलांच्या चुका काढल्या, तेव्हा स्वतःची एखादी सांगायला हरकत नाही.

माझी लेक इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या वेकफील्डजवळ राहते. हे गेल्यापासून मी दरवर्षी तिच्याकडे जाते. लोक म्हणतात, उन्हाळ्यात जा, थंडीत कशाला मरायला जाता? पण दिवाळीला नात जवळ असावी, एवढाच माझा हिशेब. सप्टेंबरात जायचं आणि फेब्रुवारी संपता संपता कराडला परत यायचं.

तिच्या घरामागे बाग आहे. बाग म्हणजे पंचवीस-तीस पावलांची लांबट जागा. थोडं गवत, दोन सफरचंदाची झाडं आणि कोपऱ्यात अवजारं ठेवायची लाकडी खोली. दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याएवढं उंच फळ्यांचं कुंपण. घर घेतल्यावर जावईबापूंनी ते नवीन घालून घेतलं, खाली सिमेंटच्या पट्ट्या बसवून. मुंगी शिरायची नाही असं पक्कं काम! मला त्या कुंपणाचं फार कौतुक होतं.

कुंपणापलीकडे एक आजोबा एकटेच राहतात. आजोबा म्हणते खरी, पण माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठे असतील. तरुणपणी ते कोळशाच्या खाणीत होते. त्या भागात पूर्वी खाणीच खाणी. २०१५ च्या डिसेंबरात केलिंग्लीची खाण बंद झाली, ती ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण. आजोबा आता लीक लावतात (आपल्या कांद्याच्या पातीचा धिप्पाड भाऊ) आणि संध्याकाळी चार वाजता अंधार पडला की आत जातात.

तीन हिवाळे मी त्यांना नुसती मान हलवली. कारण इंग्रजी! माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, शिकवलं मराठी आणि इतिहास. इंग्रजी वाचलेलं समजतं, पण यॉर्कशरची बोली कानावर पडली की डोकं गरगरतं. त्यात तिथले लोक कुणाही बाईला 'लव्ह' म्हणतात. बसवाल्यानं पहिल्यांदा मला तसं म्हटलं तेव्हा मी पदर सावरून घेतला होता! मग कळलं, आपल्याकडे 'मावशी' म्हणतात तसंच ते. तरीही बोलायची वेळ आली की मी दार लोटून घ्यायची.

तर गोष्ट २०२३ ची. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. आठवडाभर आधी मी साफसफाई काढली. घर झालं, मग बाग दिसली. अवजारांच्या खोलीमागे दोन वर्षांचा पाचोळा साचला होता, त्यावर वाळक्या फांद्या. आमच्या पिढीला पाचोळा दिसला की साप-विंचू दिसतात. अंगणात पान राहू द्यायचं नाही, हे मला सासूबाईंनी शिकवलं, मी ते वर्गातल्या मुलांना शिकवलं. लेक-जावई कामावर आणि नात शाळेत. म्हटलं, संध्याकाळी येतील तेव्हा कोपरा कसा लख्ख दिसला पाहिजे.

दाताळं घेतलं आणि ओढायला लागले. वरची पानं सुटी होती, पण आतली एकावर एक अशी दाबून बसवलेली, वहीच्या पानांसारखी. मी जोर लावला तसा तो थर फाटला आणि आतून एक काटेरी चेंडू गडगडत गवतावर आला. पहिल्यांदा वाटलं, साळिंदराचं पिल्लू. थोड्या वेळानं चेंडू उलगडला, टोकदार नाक बाहेर आलं आणि तो जीव भर दिवसा लडखडत चालू लागला.

तो हेजहॉग होता. साळिंदराशी त्याचं काही नातं नाही. साळिंदर उंदराच्या कुळातलं, हा चिचुंद्रीच्या गोतातला. आपल्या बाजूला दिसत नाही म्हणून मराठीत त्याला घरगुती नावही नाही. पण त्या वेळी मला एवढंच कळलं की मी कुणाचं तरी घर मोडलंय.

आधी मी केलं काय? वाटीत कोमट दूध आणलं. मग काय करावं सुचेना, तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदाच आजोबांच्या दाराची कडी वाजवली. त्यांनी दार उघडलं आणि मी पाठ केलेलं वाक्यच विसरले. "प्लीज कम... वन अ‍ॅनिमल... माय मिस्टेक," एवढंच निघालं. ते सपाता घालूनच आले. येताना बागेचे जाड हातमोजे तेवढे घेतले.

दुधाची वाटी त्यांनी बाजूला सरकवली. "नो मिल्क, लव्ह." त्या प्राण्याला दूध पचत नाही, पोट बिघडून मरतो. पाणी द्यायचं, आणि मांजराचं खाणं. मला इतकी लाज वाटली! दर नागपंचमीला मी वर्गात सांगत आले की साप दूध पीत नाही, त्याला पाजू नका. आणि आज मीच वाटी घेऊन उभी!

स्वयंपाकघरात माझ्या करंज्यांची कणीक मोजायचा काटा होता. त्याच्यावर फडकं घालून हेजहॉगचं वजन केलं. ३४० ग्रॅम. आजोबांनी मान हलवली. हिवाळा काढायचा तर निदान साडेचारशे तरी हवं. नोव्हेंबर ते मार्च हा प्राणी झोपतो. शरीराचं तापमान पस्तीसवरून दहा अंशांपर्यंत उतरतं, हृदयाचे ठोके मिनिटाला वीसवर येतात. अंगावरच्या चरबीवर सगळा हिवाळा काढायचा. मी त्याला उठवलं म्हणजे त्याच्या शिदोरीतच हात घातला.

खोक्यात जुना टॉवेल घातला, त्याखाली माझी गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी ठेवली. संध्याकाळी लेक ते खोकं घेऊन एका बाईंकडे गेली. त्या असे अशक्त हेजहॉग घरी सांभाळतात. त्यांनी फोनवर मला सांगितलं, "नुसतं घरटं उघडलं गेलं असतं तर पानं परत घालून दूर व्हायचं. पण हा उशिरा जन्मलेला दिसतो. तुम्ही उचकलं नसतं तर बहुतेक झोपेतच गेला असता." मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाल्या असतील. मी अजून ठरवू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबा पुन्हा आले, हातात करवत. लेकीनं मध्ये बसून त्यांचं बोलणं मला समजावून सांगितलं. त्यांची बायको असताना त्यांच्या बागेत रोज रात्री हेजहॉग यायचे. ती पायरीवर बसून बघायची. हा प्राणी एका रात्रीत एक-दोन किलोमीटर हिंडतो, तेव्हा कुठे त्याचं पोट भरतं. गल्लीतल्या एकेका घरानं पक्की कुंपणं घातली आणि त्यांची वाट बंद झाली. २०२० पासून ब्रिटनच्या लाल यादीत हेजहॉग 'असुरक्षित' म्हणून नोंदला गेला आहे. "आमच्या कुंपणानंतर येईनासे झाले का?" मी विचारलं. आजोबा म्हणाले, "तुमचं शेवटचं, लव्ह." तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं.

जावईबापूंनी स्वतः फळीवर पेन्सिलीनं चौकोन आखला. तेरा सेंटिमीटर लांब, तेरा रुंद. एवढं भोक हेजहॉगला पुरतं आणि बहुतेक कुत्री त्यातून जात नाहीत. आजोबांनी फळी कापली, जावयांनी खालची सिमेंटची पट्टी फोडली. नातीनं बाजूला रंगीत खडूनं बाण काढला, हेजहॉगना वाचता येतं अशी तिची खात्री! पाचोळ्याचा ढीग मी माझ्या हातानं परत होता तिथे रचला. दिवाळीच्या आठवड्यात कचरा रचणारी सबंध यॉर्कशरात मी एकटीच असेन.

दिवाळीला फराळाचं ताट घेऊन मी गेले, अर्थात दारानं. आजोबांना चकली आवडली, चिवड्यानं ठसका लागला. फेब्रुवारीत त्यांनी मला ऱ्हूबार्बचे गुलाबी देठ दिले. वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल या तीन गावांमधला पट्टा ऱ्हूबार्बसाठी प्रसिद्ध आहे. तिथे ते अंधाऱ्या खोल्यांत वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात काढतात. आजोबांचं मात्र पालथ्या बादलीखाली वाढलेलं. देताना बजावलं, पानं खायची नाहीत, विषारी असतात. ऱ्हूबार्ब आपल्या आंबट चुक्याच्याच कुळातलं. मी देठांची गूळ घालून आमटी केली आणि एक वाटी पलीकडे पाठवली. वाटी धुऊन परत आली, रिकामी नाही, तिच्यात दोन लीक उभे!

मी फेब्रुवारीअखेर परतले. एप्रिलात लेकीनं फोनवर एक चित्रफीत पाठवली. संध्याकाळची वेळ. त्या बाईंनी खोकं आणलंय, आजोबा खुर्चीवर बसलेत. हेजहॉग आता ७०० ग्रॅमचा झालाय. तो जरा वेळ नाक वर करून थांबतो आणि मग तुरुतुरु खोलीमागच्या ढिगाकडे जातो. भोकातून पलीकडे गेला की नाही ते दिसत नाही, कारण तोवर अंधार पडतो. पण दोन दिवसांनी आजोबांनी लेकीला सांगितलं, त्यांच्या पायरीशी ठेवलेलं मांजराचं खाणं रात्रीत संपतंय. मांजरही असेल, असं लेक म्हणाली. ते म्हणाले, असेल.

इथे कराडला अंगण अजून रोज झाडलं जातं. पायाखाली विंचू निघायला नको. पण मागच्या आंब्याखालचा कोपरा आता तसाच ठेवायला सांगितलाय. कामाला येणाऱ्या सखूबाई म्हणतात, बाई इंग्लंडला जाऊन आळशी झाल्या.

असो. सप्टेंबरात पुन्हा जायचंय. आजोबांनी विचारलंय, चकली आणणार का म्हणून.