डॉल्बी, अर्धशिशी आणि छातीतली धडधड

मंडळी, विसर्जन मिरवणूक जवळ आली की माझ्या पोटात गोळा येतो. बाप्पाची नाही हो, डॉल्बीची भीती.

मला अकरा वर्षांपासून अर्धशिशी आहे, म्हणजे मायग्रेन. अर्धं डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो. चार तासांत थांबेल, नाहीतर तीन दिवस चालेल. एवढं लोकांना माहीत असतं. तिच्या जोडीने येणारा पॅनिक अटॅक मात्र कुणी मोजत नाही. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, घाम फुटतो, आता मी मरणार असं खरंच वाटतं.

ही दोन दुखणी एकाच माणसात बऱ्याचदा सापडतात, हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. डोकं उठेल या धास्तीने धडधड सुरू होते आणि त्याच ताणाने डोकं उठतं. गेल्या वर्षी स्पीकरची भिंत आमच्या गल्लीत यायला दोन तास होते, तरी माझे हात गार पडले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढं काय गं, एक दिवसाचा तर सण!"

काकू, सण माझाही आहे. पण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. सणाला रात्री बारापर्यंत स्पीकरची परवानगी मिळते ती वेळेची. भिंती हादरवायची नाही.

ज्यांना हा त्रास आहे त्यांना एकच सांगणं. डॉक्टरांकडे गेलात की डोक्याचं आणि धास्तीचं, दोन्ही सांगा. दोन्हींवर उपचार आहेत. महिन्यातले दहा-पंधरा दिवस स्वतःच्या मनाने गोळ्या घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. छातीत पहिल्यांदाच दुखलं तर पॅनिक समजून घरी बसू नका, आधी हृदय तपासून घ्या. मनावरचा ताण बोलायचा असेल तर टेली मानसचा 14416 नंबर आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास.

आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, पुढची बैठक होईल तेव्हा एवढं विचारा: आपल्या गल्लीत आजारी कोण कोण आहे? वर्गणीला घरोघर जाताच की. तेव्हाच विचारून घ्या.