पाठपुरावा

रात्री साडेअकराला मोबाईलवर दोन ओळी आल्या. "सर, मुझे दुआओं में याद रखना. कुछ गलती हुई हो तो माफ कर देना." हजला निघालेला माणूस असं लिहितो. हा मुलगा एकोणीस वर्षांचा. धुळ्याला माझ्याकडे दहावीपर्यंत मराठी शिकला. पुढे मी जळगावच्या शाळेत आलो आणि तोही बीएस्सीसाठी जळगावात आला.

तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हा त्याने उचलला. मी सरळ विचारलं, "बेटा, मरने का सोच रहा है क्या?" पलीकडे नुसतं रडणं. असं विचारलं की नसता विचार डोक्यात येतो, असं आपल्याकडे समजतात. तसं होत नाही. कोणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. रूम पार्टनरला उठवायला लावलं, "मैं आता हूँ, तब तक इसको अकेला मत छोड" असं त्याला सांगितलं आणि गाडी काढली.

हराम आहे, गुनाह आहे, हे त्या रात्री मी त्याला सांगितलं नाही. ते त्याला माहीत होतं. म्हणूनच तर तो कोणाशी बोलला नव्हता.

सकाळी किरकोळ रजा टाकली आणि आधी त्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलं. मी बीएड आहे, डॉक्टर नाही. मार्गदर्शन व समुपदेशन हा भाग आम्हाला परीक्षेत व्याख्यांपुरता होता. केसपेपर काढला, मानसोपचार विभागाबाहेर बाकावर बसून राहिलो. आत काय बोलणं झालं ते विचारलं नाही. रात्री-अपरात्री कोणीच जवळ नसेल तर म्हणून १४४१६ हा टेलिमानसचा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत आणि उर्दूतही बोलता येतं.

मग टपरीवर चहा घेत वहीचं एक पान उघडलं. "एक एक बोल, क्या क्या अटका है?" शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण बँकखातं आधारशी जोडलेलं नाही म्हणून पैसे आले नाहीत. पैसे नाहीत म्हणून कॉलेजची फी राहिली. फी राहिली म्हणून परीक्षेचा फॉर्म अडला. पहिल्या वर्षाचे दोन विषय मागे. खोलीचं भाडं तीन महिन्यांचं. अब्बांचा पॉवरलूम दोन महिने बंद, आणि घरी याने सांगितलेलं, सगळं ठीक आहे.

यातली एकही गोष्ट आजार नाही. पण सगळ्या मिळून एकोणीस वर्षांच्या पोराच्या छातीवर बसल्या होत्या.

विशेष म्हणजे त्याच्याशी कोणी वाईट वागलं नव्हतं. कॉलेजच्या भाऊसाहेबांनी बँकेत पाठवलं, बँकेने पोर्टल बघायला सांगितलं, सायबर कॅफेवाल्याने पुन्हा कॉलेजात. प्रत्येकाचं म्हणणं बरोबर होतं. पुढच्या खिडकीपर्यंत त्याच्यासोबत जाणारं तेवढं कोणी नव्हतं.

बाहेरच्या देशांत विद्यापीठं या कामाला पगारी माणूस ठेवतात. तो उपचार करत नाही. विद्यार्थ्याच्या अडचणींचं एक पान ठेवतो, योग्य दाराशी नेतो आणि पुन्हा विचारतो. अमेरिकेत २००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना मारलं. चौकशीत दिसलं की त्याच्याबद्दल वेगवेगळ्या विभागांना थोडंथोडं माहीत होतं, ते एकत्र कोणी केलंच नाही. त्यानंतर तिकडे ही पदं वाढली. (आपला मुलगा कोणाचं वाईट करणारा नव्हता. अडचणीतली बहुतेक मुलं नसतातच. पण माहिती विखुरण्याचा प्रकार तोच.)

आपल्याकडेही कागद आहेत. २०२३ मध्ये यूजीसीने प्रत्येक संस्थेत विद्यार्थी सेवा केंद्र असावं म्हटलं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. चांगलंच आहे. पण बहिणाबाई चौधरी विद्यापीठाखाली जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे. साक्रीच्या किंवा रावेरच्या कॉलेजात समुपदेशक आला, त्याने खोलीत बसून नीट ऐकलं, तरी गुरुवारी बँकेत फोन कोण करणार? मराठीत याला छान शब्द आहे, पाठपुरावा. रस्त्याच्या खड्ड्यासाठी आपण तो वर्षानुवर्षं करतो.

मी तरी कुठे केला होता? काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी अशीच आली होती. "सब्र करो बेटा, नमाज पढो," म्हणालो आणि आपलं काम झालं समजलो. बोललो त्यात चूक काही नव्हतं. पुन्हा विचारलं नाही. तिने कॉलेज सोडल्याचं मला वर्षाने एका लग्नात कळलं. कोणी सांगितलं तेव्हा माझ्या हातात बिर्याणीची प्लेट होती.

घरी कोणाला सांगायचं हे मी त्या मुलालाच विचारलं. म्हणाला, "सिर्फ अम्मी को." रविवारी दोघे एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेलो. अम्मींनी ऐकलं आणि पहिलं विचारलं, "सर, मेरे बच्चे को पागल तो नहीं बोल रहे ना?" "नहीं भाभी, थक गया है. डॉक्टर देख रहे हैं, हम साथ में हैं." अब्बांना त्याने संध्याकाळी स्वतःच सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मेरा लूम बंद था, मैं तो बंद नहीं था."

बँकेत तीन फेऱ्या झाल्या. फॉर्म विलंब शुल्क भरून गेला. भाडं घरमालकाने हप्त्याने घ्यायचं कबूल केलं. मागच्या दोन विषयांतला एक सुटला.

आता वहीत तीन पानं चालू आहेत. त्याहून जास्त मला जमत नाही. बायको म्हणते, घरच्या पोराची वही कधी बघता का? तिचं बरोबर आहे.

गुरुवारी मात्र त्याला फोन करतोच. परवा पहिल्याच रिंगला उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "सर, प्रॅक्टिकल में हूँ, बाद में करता." आणि कट केला.