आकाशातला डोळा आणि तोरणमाळचे शेत

१/ तोरणमाळला सीताखाईच्या काठावर उभा होतो. हातात एकाच भूमीची दोन चित्रे होती : भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशाची प्रत आणि मोबाइलवरील उपग्रहचित्र. पहिल्यात तपकिरी समोच्च रेषा, दुसऱ्यात झाडांचे शेंडे. मित्रहो, दोन्हींचा उगम एकाच गरजेत आहे : सत्तेला भूमी दुरून पाहायची होती.

२/ हा विभाग १७६७ सालचा, कंपनी सरकारने स्थापलेला. १८०२ मध्ये विल्यम लॅम्टनने मद्रासजवळ पायारेषा मोजून उपखंडाची त्रिकोणमितीय मोजणी आरंभली. ती करता करताच १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला त्याने देह ठेवला. तत्पूर्वी १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या हाती गेला होता. सातपुड्यातील भिल्लांनी ते राज्य निमूटपणे स्वीकारले नाही. अशा मुलखात घाट आणि पाणवठे ठाऊक असणे, हीच फौजेची निम्मी तयारी.

३/ पुढे हा डोळा आकाशात गेला. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेचे 'कोरोना' हेरउपग्रह फिल्मच्या कुप्या खाली सोडत आणि विमाने त्या हवेतच झेलत. १९९५ मध्ये ही छायाचित्रे खुली झाली. आज पुरातत्त्वज्ञ त्यांत लुप्त वसाहतींच्या खुणा शोधतात. भारताने २००१ मध्ये टीईएस हा एक मीटर तपशील टिपणारा उपग्रह सोडला.

४/ मग आले २००५. ५ मे रोजी कार्टोसॅट-१ झेपावला. त्याच महिन्यात राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि जनतेसाठी एक, अशा दोन नकाशामालिका ठरवल्या. आणि पुढे वनहक्क कायद्याने आदिवासींच्या वनजमिनीवरील ताब्यासाठी अंतिम तारीख धरली, तीही त्याच वर्षातली : १३ डिसेंबर २००५.

५/ शेजारी एक वृद्ध पावरा शेतकरी उभे होते. मी त्यांना मोबाइलवरचे चित्र दाखवले. क्षणभर न्याहाळून त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवले. "दादा, हा आमचा मोह. त्याच्या खालचं शेत माझ्या बापानं काढलं." मला तिथे केवळ हिरवा डाग दिसत होता.

६/ म्हणूनच या कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांतील एक तरतूद मला मोलाची वाटते : उपग्रहचित्र अन्य पुराव्यांना पूरक ठरेल, त्यांची जागा घेणार नाही. पडीक ठेवलेले शेत वरून रानासारखे दिसते आणि पावसाळ्यात तर ढगच दिसतात. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब हाही त्या नियमांनुसार पुरावाच आहे.

७/ शत्रूवर नजर ठेवण्यासाठी घडलेला डोळा कागद नसलेल्या माणसाचा साक्षीदार होऊ शकतो. मात्र त्याला काय दिसले, हे सांगायला ती भूमी कसणारा माणूस शेजारी हवा. जुने उपग्रहचित्र अभ्यासताना गावातील एखाद्या वृद्धाला सोबत बसवा आणि ते जे सांगतील, ते तारखेसह लिहून ठेवा.